शोषखड्ड्यात जिरलेलं पाणी

मंडळी, आज भरे गावच्या डोंगरउतारावर आमच्या नव्या संडासासाठी शोषखड्डा खणला. गवंडीमामांनी त्यात दोन हंडे पाणी ओतलं. विडी पेटवेपर्यंत खड्डा कोरडा!

"बघा ताई, जमीन लई गुणाची हाय!"

माझ्या मनात पाल चुकचुकली. ऐंशी सालाच्या सुमारास माझे वडीलही अशाच मुरमावर भाळले होते. संडास बांधला आणि पहिल्याच पावसाळ्यात खालच्या झऱ्याला वास यायला लागला. आम्ही त्याच झऱ्याचं पाणी प्यायचो.

"मामा, उताराखालची ती विहीर कुणाची?"

मामा विडी ओढायचे थांबले.

"आमचीच की ओ."

खड्डा लगेच बुजवायला लावला. पाणी जिरलं म्हणजे संपलं, असं तुम्हीही समजता का?