एकोणीस वर्षांचा वडीलधारा

आमच्या न्युरेम्बर्गच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर बारा आठवडे राहून गेलेल्या त्या पोराचा जितका हेवा मी केला, तितका आयुष्यात दुसऱ्या कुणाचाही केलेला नाही. हेवा करायला लायक माणसं मला मिळाली नाहीत असं नव्हे. माझ्या हाताखाली काम शिकलेले दोघं आज माझे साहेब आहेत, एका मित्राने बागेसकट घर घेतलं, ते सगळं मी हसतमुखाने पचवलं. पण हे पोर होतं एकोणीस वर्षांचं, मिसरूडसुद्धा धड फुटलेलं नाही, आणि पांढऱ्या शर्टाच्या खिशावरच्या काळ्या पाटीवर आडनावाच्या आधी लिहिलेलं, ‘एल्डर’. म्हणजे वडीलधारा! मॉर्मन या ख्रिस्ती पंथात धर्मप्रचाराला निघालेल्या मुलांना तसंच म्हणतात, हे मला नंतर कळलं. मी चव्वेचाळीस वर्षांचा, निम्मे केस गेलेले, सात वर्षं जर्मनीत सॉफ्टवेअरची नोकरी केलेली, तरी मला अजून कुणी वडीलधारं म्हणत नव्हतं. घरात तर नाहीच.

तो अमेरिकेतल्या कुठल्याशा डोंगराळ गावातून आला होता. प्रचाराची दोन वर्षं, त्यातले इथले पहिले बारा आठवडे उमेदवारीचे. त्याला तयार करायला त्याच्याहून वर्षभराने मोठा असा दुसरा एक एल्डर नेमलेला होता, आणि नियम असा की दोघांनी एकमेकांच्या नजरेआड व्हायचं नाही. त्यामुळे आमच्या वडीलधाऱ्याला कुठेही बघितलं की मागे चार पावलांवर ते गंभीर गुरुजी उभे दिसायचे. माझी त्याची पहिली भेट जिन्यातली. इंडियन दुकानातून आणलेली कणकेची दहा किलोंची पिशवी मी चौथ्या मजल्यावर चढवत होतो, ती तिसऱ्यावर फाटली. मागून आवाज आला, “कान इश हेल्फेन?” मदत करू का, एवढं विचारून होतंय तोच त्याने पिशवी छातीशी कवटाळली आणि दोन-दोन पायऱ्या गाळत वर पोचला. काळी पँट पांढरी झाली होती आणि तो माझ्या बायकोला, मेधाला, हसतमुखाने सांगत होता की हे भारतीय सिमेंट त्याला फार आवडलं. कणकेचा जर्मन शब्द त्याला येत नव्हता. येत नसलेल्या शब्दापाशी थांबावं, ही कल्पनाच त्याला नव्हती.

माझ्या हेव्याचं मूळ नेमकं इथे होतं. जर्मनमधली प्रत्येक वस्तू पुल्लिंगी की स्त्रीलिंगी की नपुंसकलिंगी, याचे डेर, डी, डास असे तक्ते मला पाठ होते. पण वाक्य मनात तयार करून, लिंग-विभक्ती तपासून तोंडाशी आणेपर्यंत समोरची बाई ट्राममध्ये चढून गेलेली असे. हा गडी चुकांचं पोतं घेऊन गावभर हिंडायचा. चर्चचा जर्मन शब्द आणि चेरीचा जर्मन शब्द यांत जिभेच्या टोकाएवढाच फरक आहे, आणि ते टोक त्याला कधी सापडलं नाही. तळमजल्यावर एक आजीबाई राहतात. सात वर्षांत त्या माझ्याशी तीनदा बोलल्या होत्या, तिन्ही वेळा कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीबद्दल. त्यांच्या दारात उभं राहून याने त्यांना आमंत्रण दिलं, “रविवारी सकाळी दहा वाजता आमच्या चेरीत या. चेरीत आलं की मनाला शांती मिळते.” दुसऱ्या दिवशी आजीबाई चेरीच्या मुरांब्याच्या दोन बरण्या घेऊन दोन मजले चढल्या. घरापासून लांब आलेल्या पोरांना काहीतरी खावंसं वाटतंय, असा त्यांचा समज झाला होता. त्या दिवशी त्यांचं हसणं मी चौथ्या मजल्यावरून ऐकलं. मला वाटलं, पाणी गळतंय की काय.

मग तो आमच्याकडे यायला लागला. चहा त्यांच्या पंथात चालत नाही, कॉफीही नाही. आल्यागेल्याच्या हातात चहाचा कप ठेवता येईना म्हणून मेधा दोन दिवस बेचैन होती. शेवटी तिने कोकम सरबत काढलं. त्याने चार ग्लास संपवले, गुरुजींनी अर्धा. मग थालीपीठं सुरू झाली. मी मागितली की “रोज रोज कोण थापणार?” असं विचारणारी माझी बायको त्याला सहावं वाढताना म्हणाली, “पोर बिचारं घरापासून किती लांब आलंय.”

“मीही घरापासून तेवढाच लांब आहे,” मी म्हटलं.

“तुला मी आहे की,” ती म्हणाली, आणि लोणी त्याच्या पानात पडलं.

थालीपीठ मी एक वेळ सोडलं असतं. पण आमची ईरा, वय वर्षं आठ, त्याची मास्तरीण झाली, ते मला सोडवेना. तो जेवणाआधी डोळे मिटून जर्मनमध्ये प्रार्थना करायचा. एकदा ‘या जेवणाबद्दल’ एवढ्यापर्यंत पोचला असेल नसेल, तोच ही ओरडली, “‘डेन’ नाही, ‘डास’!” मेधाने तिला चिमटा काढला. त्याने मात्र एक डोळा उघडून तिचे आभार मानले आणि प्रार्थना पहिल्यापासून पुन्हा केली, शुद्ध व्याकरणात. तेव्हापासून ती त्याच्या चुकांची वही ठेवू लागली. तो जिन्यात दिसला की तिची बडबड सुरू व्हायची, आणि घरात आली की माझ्याशी “या” आणि “नाइन”, हो आणि नाही, एवढंच. असं आधी नव्हतं. वर्षापूर्वी तिच्या शाळेत बाईंना भेटायला गेलो होतो, तिथे तिने माझंही वाक्य असंच मध्ये तोडून सुधारलं होतं. बाई हसल्या. मी तिच्यावर सगळ्यांदेखत डाफरलो, “मोठ्यांना टोकायचं नाही!” त्यानंतर तिने मला कधीही टोकलं नाही. हळूहळू बाकीचंही बोलणं कमी झालं.

एका सोमवारी घरून काम करत होतो म्हणून दुपारी मी कपडे घेऊन तळघरातल्या धुण्याच्या खोलीत उतरलो. सोमवार त्यांचा धुण्याचा आणि घरी व्हिडिओ कॉल करण्याचा दिवस. वडीलधारे उपड्या टोपलीवर बसले होते, डोळे लाल. गुरुजी दाराशी, पाठ करून उभे. मी रिकाम्या मशीनमध्ये कपडे टाकले. उमेदवारी संपेपर्यंत घरच्यांखेरीज कुणाशी इंग्रजी बोलायचं नाही असा त्याने पण केलेला, त्यामुळे आम्ही दोघं आपापल्या जर्मनमध्ये बोलू लागलो.

“माझ्या खोलीत आता धाकटा भाऊ झोपतो,” तो म्हणाला. “माझ्या पलंगावर. बाबा त्याला गाडी शिकवतायत. सगळे इतके आनंदात आहेत. मला त्याचा हेवा वाटतो. मला परत जायचंय.”

मी खरं तेच बोललो. “गेले आठ आठवडे मी तुझा हेवा करतोय.”

“माझा?”

“तुझं जर्मन सगळ्यांना आवडतं.”

तो ओल्या डोळ्यांनी हसला. “लोक काय बोलतात ते मला कळतच नाही. मी नुसतं ‘गेनाऊ, गेनाऊ’, अगदी बरोबर, असं म्हणतो. फक्त तुमचं जर्मन मला पूर्ण कळतं. तुम्ही हळू बोलता. म्हणून तर मी तुमच्याकडे येतो.”

मला वाटत होतं तो थालीपीठासाठी येतो. मग मी त्याला माझं इथलं पहिलं वर्ष सांगितलं, दोनदा काढलेलं आणि दोनदा रद्द केलेलं परतीचं तिकीट सांगितलं, आणि ओघात शाळेतला तो प्रसंगही. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग तुम्ही तिची माफी मागितलीत?”

“नाही.”

“का?”

मी मशीनवरची उरलेली मिनिटं मोजू लागलो. मशीन थांबलं, त्याने माझे कपडे बाहेर काढून दिले. अर्धा तास मी एकही लिंग न तपासता बोललो होतो, हे मला वर आल्यावर लक्षात आलं.

माफी मागायला मला तीन दिवस लागले. ईरा गृहपाठ करत होती. मी म्हटलं, “त्या दिवशी बाईंसमोर तुला ओरडलो, ते चुकलं माझं.” तिने पेन्सिल खाली ठेवली, माझ्याकडे नीट बघितलं, “ओके” म्हणाली आणि पुन्हा लिहू लागली. मी हिरमुसलो. पण दुसऱ्या दिवशी मी फोनवर घरमालकाशी बोलत असताना कागदाचा एक कपटा माझ्यासमोर सरकला. त्यावर लिहिलं होतं, ‘डी, नाही डेर’. मी मुकाट्याने तिच्यासमोर वाक्य पुन्हा म्हटलं. घरमालकाला काय वाटलं असेल कोण जाणे.

तो परत गेला नाही. बारा आठवडे भरले, उमेदवारी संपली आणि त्याची बदली उत्तरेकडच्या कुठल्या तरी गावी झाली. आजीबाई त्याला निरोप द्यायला ट्रामच्या थांब्यापर्यंत काठी टेकत आल्या. मेधाने भाजणीचा डबा दिला, गुरुजींनासुद्धा. त्याने माझा हात दोन्ही हातांनी धरून एक लांबलचक वाक्य म्हटलं. त्यात चूक एकही नव्हती, म्हणजे बहुतेक त्याने ते पाठ करून आणलं असावं. ट्राम वळली तशी ईरा रडायला लागली, हुंदके देऊन.

आजीबाई आणि मेधा पुढे गेल्या. मी बाकावर ईराजवळ बसलो आणि माझ्या जुन्या रोगाने पुन्हा डोकं वर काढलं. “मी दर वर्षी आजीकडे पुण्याला जातो,” मी म्हटलं, “तेव्हा तू कधी अशी रडली नाहीस.”

तिने नाक पुसत भराभर जर्मनमध्ये काहीतरी सांगितलं. मला अर्धंच कळलं.

“हळू सांग ना,” मी म्हटलं.

तिने थोडा विचार केला, आणि एकेक शब्द शोधत मराठीत म्हणाली, “बाबा, तू तर परत येतोस.”

मी तिचं दप्तर खांद्याला लावलं. पण आम्ही लगेच उठलो नाही. आणखी दोन ट्रामा आल्या आणि गेल्या.