भाऊजींची बिन कार्डं

ताईचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या कपाटातल्या सामानाची यादी करत होते. हातातली ओळ पूर्ण केल्याशिवाय मी पेन खाली ठेवत नाही, म्हणून "थांब, एक मिनिट" असं म्हणाले. ताई थांबली. मी 'भूगोलाचे नकाशे – सात, पैकी फाटके – दोन' एवढं लिहिलं आणि म्हणाले, "हं, बोल." ती म्हणाली, "रंजू, तुझे भाऊजी गेले वं. सकाळी चहा घेतला, खुर्चीत बसले, ते बसलेच." ती ओळ अजून त्या रजिस्टरमध्ये आहे. अक्षर नेहमीसारखंच सरळ आहे. पुढच्या ओळी मात्र नंतर परत आल्यावरच्या आहेत... आणि वाकड्या आहेत.

साकोलीहून एसटीनं ताईच्या जवाहरनगरच्या फाट्यावर उतरेपर्यंत मी कोणाकोणाला कळवायचं त्याची यादी करून ठेवली होती. ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. तिचं लग्न झालं तेव्हा मी परकर-पोलक्यात होते आणि हे नवे भाऊजी आपल्याला घाबरवतील असं मला वाटलं होतं. त्यांनी पहिल्याच भेटीत माझी वही मागितली. वहीत मी लग्नातल्या आहेराच्या भांड्यांची नोंद केली होती. ती त्यांनी गंभीरपणे तपासली आणि म्हणाले, "गंजाच्या झाकणाची नोंद राहिली. झाकण वेगळी वस्तू असते." त्या दिवसापासून आमचं जमलं ते जमलंच.

भाऊजी जवाहरनगरच्या संरक्षण खात्याच्या कारखान्यात स्टोअरला होते. कारखान्यात काय बनतं हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही. पण स्टोअर कसं चालतं, हे मात्र ते कोणालाही कितीही वेळ सांगायचे. प्रत्येक रॅकवर, प्रत्येक वस्तूपाशी एक पुठ्ठ्याचं कार्ड लटकलेलं असतं, त्याला बिन कार्ड म्हणतात. काय आलं, काय गेलं, काय उरलं, सगळं त्यावर. माणूस बदलला, साहेब बदलला, तरी कार्ड वाचून काम पुढं चालायला पाहिजे, हा त्यांचा धर्म. निवृत्तीनंतर फाट्याजवळ घर बांधलं तेव्हा ताईच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांनाही कार्डं लागली. "माह्या पाठीवर तेवढं एक कार्ड लावायचं राहिलं," असं ताई म्हणायची. भाऊजी शांतपणे म्हणायचे, "तुले कायले कार्ड? तुले कुठं कोणाले इश्यू करायचं हाय?"

निवृत्तीनंतर कारखान्याचा भोंगा झाला की ते आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून कॉम्प्युटरसमोर बसायचे. माझ्या भाच्याचा, म्हणजे त्यांच्याच मुलाचा, जुना कॉम्प्युटर होता. भाचा पुण्याला गेला आणि तो घरी उरला. नवीन काही त्यावर चालेना. दुकानदार म्हणाला, फेकून द्या. फेकून देणं हा शब्द स्टोअरच्या माणसाला सहन होत नाही. मग कुठून तरी त्यांनी लिनक्स मिळवलं, जुन्या कॉम्प्युटरवरही चालणारी फुकटची सिस्टीम. डिक्शनरी शेजारी घेऊन, मॅन्युअलची पानं छापून, खाली रेघा मारत त्यांनी ते शिकून घेतलं. आणि एक दिवस मला फोन करून म्हणाले, "रंजू, हे तं आपलंच निघालं बापा! हे सारं स्टोअरच हाय!"

ते खरंच होतं. लिनक्समध्ये प्रत्येक कामाच्या सामानाचा वेगळा गठ्ठा असतो, त्याला पॅकेज म्हणतात. चित्र काढायचं एक, छपाईचं एक, मराठी अक्षरांचं एक. आपल्याला हवी ती ठेवायची, नको ती काढायची आणि आपली स्वतःची सिस्टीम बनवायची. अडचण एवढीच, की पॅकेजं एकमेकांवर टेकलेली असतात. एक ओढलं की दुसरं पडतं.

आमच्या शाळेला एका कार्यालयानं निर्लेखित केलेले, म्हणजे हिशेबातून काढून टाकलेले, बारा कॉम्प्युटर मिळाले तेव्हाची गोष्ट. रजिस्टर नीट ठेवते म्हणून संगणक खोली माझ्या गळ्यात पडली होती. बारापैकी एकही धड चालत नव्हता. मुख्याध्यापकांना पोषण आहाराच्या तांदळासाठी कोरडी खोली हवी होती. ते म्हणाले, "मॅडम, पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारपर्यंत चालू झाले तं ठीक. नाही तं पोते इकडं घेऊ. डबे बाहेर." माणूस वाईट नव्हता, तांदूळ भिजत होता. पण माझ्या सातवीच्या मुली, त्यातल्या काही एकोडीहून सायकलनं येणाऱ्या, रोज त्या खोलीच्या खिडकीला नाक लावून उभ्या राहायच्या. मी बारातला एक कॉम्प्युटर रिक्षात घातला, मग एसटीत माझ्या शेजारी बसवला आणि भाऊजींकडे नेला. कंडक्टरनं विचारलं, याचं तिकीट? मी म्हटलं, हा निर्लेखित आहे.

भाऊजींनी त्यात लिनक्स घातलं. ते इतकं सुस्त चालायचं की ताई म्हणाली, "याच्यापेक्षा माहा भात लवकर शिजते." आत हजाराच्या वर पॅकेजं होती. आम्ही कार्डं करायला बसलो. प्रत्येक कार्डावर नाव, जागा किती, हे कोणावर टेकलं, याच्यावर कोण टेकलं... आणि शेवटचा रकाना, 'कोणासाठी'. त्या रकान्यात मी पहिल्याच कार्डावर 'उपयोगी' असं लिहिलं. भाऊजींनी कार्ड परत केलं.

"उपयोगी म्हणू नोको. उपयोगी तं सारंच असते. माणसाचं नाव सांग."

"चित्र काढायचं आहे, भाऊजी. मुलं काढतील."

"कोनतं पोरगं?"

मी म्हटलं, प्रतिमा, सातवी ब. त्यांनी 'प्रतिमा, ७ ब' असं लिहायला लावलं. हिशेबाच्या पानाचं पॅकेज शाळेच्या बाबूंसाठी. आकाशातले तारे दाखवणारं एक होतं, ते फार जागा खायचं. त्याला कोणाचंच नाव मला सुचेना, ते गेलं. ज्याच्यापुढं नाव नाही त्यावर माझ्या लाल पेनाची फुली. मला हे काम फार आवडलं. खोडायला मिळालं की माझा जीव सुखावतो, हे मी लपवत नाही.

तिसऱ्या रविवारी दुपारी भाऊजी जेवून हात धुवायला गेले. मी यादीतलं पुढचं पॅकेज पाहिलं. त्यात काहीच नव्हतं. एकही प्रोग्राम नाही, जागा जवळजवळ शून्य. रिकामं खोकं. मी ते काढून टाकलं. लगेच कॉम्प्युटरनं नम्रपणे विचारलं, की आता अमुक अमुक पॅकेजांची कोणालाच गरज उरलेली नाही, काढू का? मला आयुष्यात इतका सुंदर प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी 'हो' म्हटलं.

भाऊजी हात पुसत आले तोवर नावं सरसर वर पळत होती. मग थांबली. पुन्हा सुरू केलं तर काळा पडदा आणि एक लुकलुकणारी पांढरी रेघ. चित्रं नाहीत, खिडक्या नाहीत, काही नाही. तीन रविवारांचं काम गेलं होतं आणि दुसऱ्या दिवशी सोमवार होता.

"तू काय केलं वं?"

"मी तं फक्त 'हो' म्हटलं, भाऊजी. ते रिकामं होतं."

त्यांनी कपाळाला हात लावला. "अवं, ते रिकामंच असते. त्याचं काम सामान ठेवायचं नाही, सगळ्यायले धरून ठेवायचं हाय. बाकी सारे त्याच्या बोलावण्यानं आले होते. ते गेलं, तं यायले वाटलं, आता आपल्याले कोन विचारते?"

मला रडू यायला लागलं. चाळिशीला टेकलेली बाई, शाळेत मुलं मला चळचळ कापतात, आणि मी बहिणीच्या घरी पदर तोंडाला लावून बसले. तांदळाची पोती मला त्या खोलीत दिसायला लागली. भाऊजींनी कीबोर्ड पुढं ओढला, दोन अक्षरं दाबली... आणि त्या काळ्या पडद्यावर उजवीकडून एक आगगाडी आली. अक्षरांचीच बनलेली, धूर सोडणारी. डुगडुगत पूर्ण पडदा पार करून डावीकडं निघून गेली.

मला इतकं हसू आलं की ताई आतून धावत आली. "काय झालं? रडून राहिली का हसून राहिली?"

"सारं गेलं, ताई. गाडी तेवढी उरली!"

"ही काहून वाचली?" डोळे पुसत मी भाऊजींना विचारलं.

"ही मी माह्या हातानं मागवली होती. कोणाच्या संगतीनं आली नाही. हातानं मागवलेलं कॉम्प्युटर आपल्या मनानं काढत नाही." हे म्हणता म्हणता ते थांबले. मग हळूच म्हणाले, "रंजू, आपण उलटं करून राहिलो होतो. भरल्या दुकानातून एकेक काढत होतो. आता तुह्या कृपेनं दुकान रिकामं झालं. आता कार्डं घे. ज्याच्यापुढं माणसाचं नाव हाय, तेवढंच भरू. हातानं मागवून."

मी कार्ड वाचत गेले, ते मागवत गेले. मी म्हणायचे, "प्रतिमा, सातवी ब." ते म्हणायचे, "आली प्रतिमा." मी म्हणायचे, "बाबू." ते म्हणायचे, "बसा, बाबू." ताई चहा देता देता ऐकत उभी राहिली आणि म्हणाली, हे तुमचं कॉम्प्युटरचं काम आहे का हजेरी? संध्याकाळच्या आत हजेरी संपली. कॉम्प्युटर सुरू केला तर ताईचा भात हरला. सोमवारी भाऊजी माझ्याबरोबर शाळेत आले आणि एकाची नक्कल बाकीच्या अकरा कॉम्प्युटरवर उतरवली. मुख्याध्यापक दारात उभे राहून पाहत होते. मग म्हणाले, "पोते माह्या ऑफिसात ठेवा."

आगगाडी मात्र मी येऊ दिली नाही. शाळेत असले चाळे नकोत, साहेब पाहतील तर काय म्हणतील, म्हणून मी तिच्या कार्डावर फुली मारली. भाऊजी "बरं" म्हणाले. त्यांनी वाद घातला नाही, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

त्यानंतर कितीतरी शाळांनी त्यांना बोलावलं. शर्टाच्या खिशात पेनड्राइव्ह, हातात कार्डांचा खोका, असे ते एसटीनं पवनीपर्यंत जायचे. प्रत्येक शाळेत कॉम्प्युटर न उघडता आधी विचारायचे, "नावं सांगा." कोणी 'विद्यार्थी' म्हटलं की समोरच्या गुरुजींना पुन्हा विचारायचे, "कोनता?" ते गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे त्यांच्या आठवणीच्या कार्यक्रमाच्या, दिवशी एक गुरुजी उठून म्हणाले, की भाऊजींनी विचारलं तेव्हा मला माझ्या वर्गातल्या सगळ्या मुलांची नावं येत नव्हती, ते परत आले तेव्हा येत होती. सगळा मांडव हसला. ताईसुद्धा हसली.

आणि मग ते गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात तेच पुन्हा. आमचे बारा कॉम्प्युटर म्हातारे होऊन एकेक बंद पडले होते. त्यांच्या जागी दुसरे जुने आले. वेगळ्या घडणीचे. जुनी नक्कल त्यांच्यावर उठेचना. आताच्या मुख्याध्यापिका चांगल्या आहेत, पण तांदूळ अजून तांदूळच आहे. त्या म्हणाल्या, "रंजनाताई, भाऊजी नाहीत आता. ओढाताण नका करू. खोली देऊन टाकू या." मी म्हटलं, शनिवारपर्यंत थांबा.

नव्यातला एक कॉम्प्युटर घेऊन मी ताईकडं गेले. ताईनं काही न विचारता कपाटावरचा खोका काढून दिला. बुटांचा जुना खोका, वर त्यांच्या अक्षरात 'रंजूची शाळा'. मी त्यांच्याच खुर्चीत बसले. आधी मला ते जमेना. मग भोंगा झाला, आणि मी रिकाम्या सिस्टीमपासून सुरुवात केली. एकटीच कार्ड वाचत होते, एकटीच मागवत होते. प्रतिमा आता नर्स आहे, तिचं कार्ड काढून मी 'आरुषी, ६ अ' लिहिलं. बाबू निवृत्त झाले, नवे आले. कुठं अडलं की कार्डाच्या मागच्या बाजूला उत्तर असायचं. 'आधी अमुक मागव.' 'इथं घाई नको.' एका कार्डामागं नुसतंच 'हो म्हणण्याआधी वाच!' असं होतं, ते कोणासाठी लिहिलंय हे विचारावं लागलं नाही. माणूस बदलला तरी कार्ड वाचून काम पुढं चालायला पाहिजे... चाललं. तिसऱ्या प्रयत्नात पडद्यावर मराठी अक्षरं उमटली आणि मी ओरडले. ताई पीठ लागलेल्या हातांनी धावत आली.

खोका आवरताना सगळ्यात मागं एक कार्ड उरलं. आगगाडीचं. माझ्या लाल फुलीसकट. जागा – नगण्य. कोणावर टेकलं – कोणावर नाही. याच्यावर कोण टेकलं – कोणी नाही. आणि 'कोणासाठी' या रकान्यात निळ्या शाईत, 'रंजू. हसते.'

मी ते ताईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मले तं कधी कार्ड नाही दिलं मेल्यानं." आणि आम्ही दोघी हसत बसलो. पिठाचे हात तिनं डोळ्यांना लावले, मग ते धुवायला तिला वेळ लागला.

शनिवारी संगणक खोली सुरू झाली. तांदूळ यंदा मुख्याध्यापिकांच्या ऑफिसात आहे. गाडी मी सगळ्या कॉम्प्युटरवर घातली आहे, हातानं मागवून, आणि मुलींना त्या दोन अक्षरांचा शोध दुसऱ्याच दिवशी लागला. "बाई, गाडी आली!" अशी आरोळी आता पलीकडच्या वर्गापर्यंत जाते. तिथले सर तक्रार करतात, मी ती नोंदवून घेते.

खोका माझ्या टेबलावर आहे. भाऊजींच्या अक्षरातलं एकही कार्ड मी नव्यानं उतरवलेलं नाही. गाडीच्या कार्डावर फक्त एक दुरुस्ती केली. 'याच्यावर कोण टेकलं' यापुढं त्यांनी 'कोणी नाही' असं लिहिलं होतं. तेवढं लाल पेनानं खोडलं.