घुबडाचा पत्ता मी सांगितला होता

शिमगा उलटून गेल्यावर वेल्ह्याच्या बाजूला मुद्दाम कुणी जात नाही. डोंगर पिवळे पडलेले असतात, भाताची खाचरं उघडी पडून तडकलेली असतात आणि दहाच्या पुढे ऊन डोक्यात शिरतं. माझ्यासारख्या सदुसष्टीच्या बाईनं तर घरात पंख्याखाली गहू निवडत बसावं. पण एक अभिप्राय वाचला आणि दोन दिवस घास गोड लागेना, म्हणून निघाले.

अभिप्रायाचं आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. भोरच्या कचेरीत मी बत्तीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर काढली. निवृत्त झाले आणि दोन वर्षांत हे गेले. मुलगी नागपूरला, तिचा रविवारी फोन. घर इतकं गप्प झालं की कुकरची शिट्टी झाली तरी दचकायला व्हायचं. तेव्हा एक जुना कॅमेरा आणि लांब लेन्स घेतली आणि परसातल्या बुलबुलापासून सुरुवात केली. शिकवायला कुणी नव्हतं. मोबाईलवर रानातल्या फोटोंचा एक गट सापडला. तिथं फोटो टाकायचा, खाली "चुका सांगा" लिहायचं, आणि अनोळखी माणसं चुका सांगायची. डोळा धूसर आलाय. मागं गिचमीड झालीय. उभं राहून काढू नका, पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवर या. गुडघे कुरकुरायचे, तरी मी बांधावर पालथी पडायला शिकले. दिवसभरात माझ्याशी बोलणारी माणसं म्हणजे तीच.

त्यात एकाचं टोपणनाव काटेसावर. बाई की बुवा, ठाऊक नाही. बाकीचे "वा मावशी" लिहायचे, काटेसावर दोन ओळींत चूक काढायचा. मी त्या दोन ओळींची वाट बघायचे.

माघात मला वेल्हे तालुक्यातल्या एका ओढ्यावर, कातळाच्या कपारीत शृंगी घुबडाची मादी दिसली. पोटाशी दोन पिल्लं, कापसाच्या बोंडासारखी. तिनं माझ्याकडे पाहिलं ते पिसं फुलवून, नारिंगी डोळे वाटीएवढे करून. फोटो टाकला आणि गटात जत्रा भरली. आठवड्याचा मानाचा फोटो ठरला. कुठं आहे, कसं जायचं, विचारणा सुरू झाली. कचेरीत बत्तीस वर्षं मी तेच केलेलं. आलेल्या माणसाला कुठल्या दारातून जा, कुठल्या टेबलाला विचार, हे नीट सांगायचं, हेलपाटा पडू द्यायचा नाही. मी पत्ता लिहिला. जीप कुठं सोडते, कुठल्या उंबरापासून वळायचं, पावलं किती, सगळं. पाहुण्याला घरचा रस्ता सांगावा तसं.

पंधरा दिवसांनी काटेसावरनं लिहिलं, "हा रुबाब नाही, भीती आहे. आई घाबरली की अशी फुगते. तुम्ही फार जवळ गेलात. आणि पत्ता का दिलात?"

झालं एवढंच.

सकाळी सातची एसटी धरली. भोरहून स्वारगेटकडे जाणारी कुठलीही गाडी चालते, बायकांना अर्धं तिकीट. नसरापूरच्या फाट्यावर उतरायचं. तिथून वेल्ह्याला एसटी आहे, पण ती तिच्या मर्जीनं येते. शेअर जीप, म्हणजे आमच्याकडचं वडाप, माणसं भरली की सुटतं. तोवर फाट्यावर गरम भजी आणि चहा घ्यावा, चांगला असतो. मी नुसता चहा घेतला. (तालुक्याला आता राजगड म्हणायचं. जीपवाले मात्र अजून वेल्हे, वेल्हे असंच ओरडतात.) पुढच्या सीटवर बसायला मिळालं तर बसा, कारण नसरापूर सोडलं की राजगड समोर यायला लागतो आणि वळणावळणाला बाजू बदलतो. पिशवीत भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दोन बाटल्या पाणी, आणि साखर-चहापत्तीचा पुडा घेतला होता. पुडा हौसाबाईसाठी. ओढ्याच्या वर धनगरांची तीन घरं आहेत, त्यातल्या एका घरची ती. मागच्या वेळी मी घामाघूम पोचले तर काही न विचारता तिनं आधी पाण्याचा तांब्या आणून दिला होता. निघताना, माजा बी एक काडा म्हणाली होती, म्हशीसंगं. तोही फोटो भोरला कागदावर काढून घेतला होता.

जीपवाल्यानं माझ्या कॅमेऱ्याच्या पिशवीकडे बघितलं.

"आज्जी, तुमी बी घुबडाला का?"

मी विचारलं, का, फार लोक येतात का.

"लई. रविवारी तर मोटारींची रांग लागती. कुना बाईनं मोबाईलवर पत्ता लिवलाय म्हनं. पर काय झ्याक लिवलाय. पावलं सुदा मोजल्यात. आमाला कुनाला इचारायचं कामच न्हाई राह्यलं."

मागं बसलेला एक शेतकरी म्हणाला, तिला ग्रामपंचायतीत घ्या, पाट्या तरी नीट लागतील. सगळे हसले. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. कौतुक असं कधी अंगाला चटका देऊन गेलं नव्हतं.

मार्गासनीला अर्धी जीप रिकामी होते. राजगडावर जाणारी पोरं गुंजवण्याच्या रस्त्यासाठी तिथंच उतरतात. तुम्ही तिकडे जाणार असाल तर खुशाल जा. गुंजवण्यापर्यंत दुसरी जीप मिळते, पायथ्याला पिठलं-भाकरीची सोय आहे, चढताना पाणी जवळ असू द्या. माझी वाट वेगळी होती. ती कुठून फुटते ते इथं लिहीत नाही. एकदा लिहिलं तेवढं पुरे झालं.

वर पोचायला मला तासभर लागला. पळस फुलून गळायला लागला होता. मागच्या वेळी नव्हती अशी रुंद पायवाट आता पडली होती, दोन माणसं शेजारी शेजारी चालतील इतकी. 

हौसाबाईचं कुत्रं खुंट्याला बांधलेलं होतं. मागच्या वेळी मोकळं होतं. ती शेण थापत होती. मान वर करून बघितलं, ओळखलं, आणि परत थापायला लागली. मी दगडावर बसले. तांब्या आला नाही.

आमच्याकडे दारात आलेल्या वैऱ्यालाही पाणी विचारतात. मी माझ्या बाटलीतलं पाणी प्यायले.

पुडा तिच्याशेजारी ठेवला. तिनं तो बघितलाही नाही. मग मी पिशवीतून तिचा फोटो काढून पुढे केला. हात पदराला पुसून तिनं तो घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"म्या बरी हाय ह्यात," ती म्हणाली. "पन म्हस अर्दीच का घेतली?"

मी सांगितलं, चौकटीत मावली नाही, तुमचा चेहरा मोठा यावा म्हणून.

"गाबन व्हती ती. पोट तर दिसाया पायजे. माज्या त्वांडात काय बगायचंय?"

इतक्या वर्षांत इतका सरळ अभिप्राय कुणी दिला नव्हता. मला हसू आलं, तिलाही थोडं आलं, आणि तेवढ्या फटीतून मी बोलून टाकलं.

"हौसाबाई, माणसं आली ती माझ्यामुळं. पत्ता मी लिहिला होता."

तिनं फोटो पदराखाली ठेवला. मग शेण थापता थापता, माझ्याकडे न बघता, सगळं सांगितलं. आधी दोघं-चौघं यायचे, लांबून काढायचे. मग घोळके यायला लागले. घुबडीण दिवसा हलायची नाही, आणि त्यांना ती उडताना पाहिजे होती. एका रविवारी फटफटीवरून आलेल्या एकानं कपारीवर दगड मारले. ती भर उन्हात उडाली आणि कावळे मागं लागले. पिल्लं भेदरून कपारीतून चालत बाहेर आली, उडता येत नव्हतं. एक खाली ओढ्यात घरंगळलं. ते हिच्या कुत्र्यानं उचललं.

"त्याचा काय दोस न्हाई," कुत्र्याकडे बघत ती म्हणाली. "जितराबच त्ये. पन तवापासनं बांदून ठिवलंय."

दुसऱ्यावर तिनं शेणाची पाटी पालथी घातली आणि दिवस बुडेपर्यंत शेजारी बसून राहिली. आलेल्यांना सांगितलं, कोंबडीची पिल्लं हायत. अंधारून आल्यावर पाटी उचलली, पिल्लू वरच्या दगडावर ठेवलं आणि मागं सरकली. आई आली.

मग तिनं मला विचारलं, घुबडाला दगड का मारत नाहीत, ठाऊक आहे का. लहानपणी ऐकलं होतं, पण मी म्हटलं, तुम्ही सांगा.

"त्ये दगड उचलून नदीवर न्हेतं आन घासत बसतं. दगड झिजंल तसा मारनारा झिजतो." ती थांबली. "मग मला येक सांगा बाई, आता झिजनार कोन? त्यो फटफटीवाला, का पत्ता लिवनारी?"

तिनं हे रागानं विचारलं नव्हतं. खरंच विचारलं होतं, एखाद्या अर्जाचं टेबल कुठलं ते विचारावं तसं. 

पिल्लू कुठं आहे, हे मी विचारलंच. इतकं होऊनही विचारलं, काय सांगू.

"हाय कुटं तरी."

"दुरून बघते. कॅमेरा इथंच ठेवते तुमच्यापाशी."

"न्हाई सांगायची," ती म्हणाली. "तुमाला तर न्हाईच न्हाई."

मी मान हलवली. मग ओढ्याच्या अलीकडच्या काठापर्यंत जाऊन आले, कपार लांबूनच बघितली. कातळावर पांढरे ओघळ तसेच होते. आत कुणी नव्हतं. खाली बिस्किटांचे पुडे, पाण्याच्या बाटल्या आणि कॅमेऱ्याच्या लेन्सचं एक झाकण पडलं होतं. माझ्या माघातल्या फोटोत कुठला दगड कुठं होता ते मला पाठ होतं, आणि घुबडिणीच्या डोळ्यांपासून मी किती जवळ होते ते आता या काठावरून कळलं. घरातल्या ओसरीएवढं अंतर. एवढ्या जवळून परकं माणूस रोखून बघायला लागलं तर मीही फुगले असते. पिशवी भरून कचरा गोळा केला. कॅमेरा पाठीवरच राहू दिला.

परत आले तर दगडावर तांब्या ठेवलेला होता. हौसाबाई आत होती. मी पाणी प्यायले, भाकरी सोडली, तिनं ताकाचा पेला आणून ठेवला आणि चटणी चाखून तिखट कमी म्हणाली. जेवताना कळलं, तिच्याकडे मोबाईल आहे, सून पुण्याहून करते तेवढ्यापुरता. मी भीत भीत म्हटलं, पिल्लू जगलं-वाचलं एवढं कळवाल का कधी.

तिनं रिकामा पेला उचलून बाजूला ठेवला.

"सांच्याला त्याचा आवाज येतो. आला की मिसकॉल दीन. तुमी उचलायचा न्हाई, पैशे जात्यात. आन यायचं बी न्हाई."

कबूल, म्हटलं. माझा नंबर तिच्या मोबाईलमध्ये घालून दिला, तिचा माझ्यात घेतला. काय नावानं घालू विचारलं तर म्हणाली, म्हस अर्दी काडनारी.

परतीची जीप चारच्या पुढे मिळाली. त्या बाजूला जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा, पाचनंतर भरवसा नाही. नसरापूरला एसटीत खिडकी मिळाली. 

घरी आल्यावर पहिलं काम केलं. गटातून मानाचा फोटो काढून टाकला, पत्ता पुसला, आणि पिल्लू कसं गेलं ते गटात जसंच्या तसं लिहिलं. नावानिशी, माझ्या. काहींनी लिहिलं, मावशी, मनाला लावून घेऊ नका. दोघांनी चांगलंच सुनावलं, ते बरं वाटलं. एकानं विचारलं, मग आता ती कपार बदललीय का, नवीन जागा कळली तर सांगा. काटेसावरनं एकच शब्द लिहिला, "वाचलं." त्यानंतर त्याचं काही आलेलं नाही. मी बुलबुलाचे फोटो टाकते, परसातले, पत्ता माझ्याच घराचा. चार लोक वा म्हणतात. दोन ओळींची जागा रिकामी राहते.

तुम्ही विचाराल, सहलीतून काय आणलंत. उन्हानं रापलेलं नाक आणि लेन्सचं एक परकं झाकण, ते टेबलावर ठेवलंय. फोटो एकही नाही.

आणि परवा दिवेलागणीला फोन एकदा वाजून बंद झाला. हौसाबाईचा नंबर. म्हणजे तिकडे कुठंतरी, मला ठाऊक नसलेल्या दगडावर, ते पिल्लू ओरडलं होतं. मी उचलला नाही. फोन हातात धरून तशीच बराच वेळ बसून राहिले, परत वाजला तर म्हणून. तो एकदाच वाजायचा असतो.