मुकापोरचा बुधला

बिटुस कधी कुणाचे आभार मानील, यावर डॅन्यूबकाठच्या रोमन छावणीमागच्या वस्तीत कुणाचाही विश्वास बसला नसता. पलटणीतून सुटून आल्यापासून त्याची कुरकुर अखंड चालू असे. बायकोनं, रेसिलानं, जीव ओतून रांधावं आणि यानं पहिल्या घासालाच नाक मुरडावं!

असा हा तोंडाळ माणूस तापानं आडवा झाला आणि गप्प पडला. दूध नको, सूप नको, चांगली वाइनसुद्धा नको. ओठ फुटले, डोळे खोल गेले. आता पोटात पाणी गेलं नाही तर हा हातचा जाणार, हे रेसिलाला स्वच्छ दिसत होतं.

शेवटी तिनं शिपायांचं नेहमीचं पेय केलं, आंबलेली वाइन पाण्यात घालून. मातीचा पेला ओठाला लावला, तर त्यानं थुंकून टाकलं.

"लोखंड कुठंय यात?" तो पुटपुटला.

तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. लोखंडी बुधला! पलटणीत बिटुस हे पेय त्यातूनच प्यायचा; नोकरी संपल्यावर त्यानं तो झऱ्याच्या देवीला वाहिला होता. देवीला दिलेलं परत घ्यायचं म्हणजे भलतंच धाडस. पण रेसिला तडक देवळात गेली, हातातलं कांस्याचं कडं काढून खुंटीला अडकवलं आणि बुधला खाली घेतला.

"उसना नेते हं, बाई. रागावू नकोस. तुलाही नवरा असता तर कळलं असतं."

बुधला बुडाशी गंजून भोक पडलेला. तिनं आत पेय ओतलं, भोकावर अंगठा दाबून धरला आणि बुधल्याचं तोंड बिटुसच्या ओठांना लावलं. त्यानं एक घोट घेतला. मग दुसरा. मग घटाघटा.

"मुकापोर," तो डोळे मिटूनच म्हणाला.

मुकापोर त्याचा तंबूसोबती. उन्हातल्या कूचीत बिटुस कोसळला, तेव्हा मुकापोरनं आपला बुधला त्याच्या तोंडी रिकामा केला होता. पुढच्याच लढाईत मुकापोर मारला गेला, बुधला बिटुसकडे राहिला.

"तुला सांगायचं राहिलं रे, मुकापोर. तुझ्या पाण्यानं वाचलो. म्हणून रेसिला भेटली. लई गुणाची हाय बाई. तुझे उपकार हायेत."

इतक्या वर्षांत हे रेसिलाच्या कानावर कधी पडलं नव्हतं.

"पी गपचूप," ती जाड आवाज काढून म्हणाली. "लई बोलतोस."

ताप उतरला. बिटुस उठून बसला आणि पहिल्याच चमच्याला म्हणाला, "सुपात मीठ कुठंय?"

एरवी तिनं त्याला चांगलं फैलावर घेतलं असतं. आज मुकाट्यानं मीठ घातलं. मग ती बुधला घेऊन देवळात गेली, तो जागच्या जागी टांगला, त्याच्यापुढे घोटभर आंबट वाइन सांडली.

"मुकापोरभावजी, तुमचे उपकार मानायचं माझंही राहिलं होतं," ती म्हणाली.

कडं तिनं तिथंच राहू दिलं.