मावशींसमोरच

“बोला तुम्ही, तिला काही कळत नाही,” शाळेचे सचिव मुख्याध्यापिकांना इंग्रजीत म्हणाले.

‘ती’ म्हणजे आमच्या शाळेतल्या मावशी. त्या माझ्या शेजारीच उभ्या होत्या. साहेब काहीतरी बोलताहेत म्हणून दोघांकडे आळीपाळीने पाहून हसत होत्या. मास्क असूनही त्यांचं हसू डोळ्यांत दिसत होतं. मी टेबलावरच्या काचेकडे बघत राहिले.

कळंबजवळच्या या इंग्रजी शाळेत मी शिकले आणि आता इथेच शिकवते. शाळेत एक रीत आहे. कुणाच्या घरची भानगड असो, शिक्षकांची तक्रार असो, समोर शिपाई किंवा मावशी असल्या की मोठी माणसं इंग्रजीवर येतात, दार लोटून घ्यावं तशी. लहानपणापासून मी त्या दाराच्या आतल्या बाजूला होते, आणि त्याचं मला कौतुक वाटायचं.

कोरोनाची पहिली लाट ओसरल्यावर शाळा उघडायची तयारी सुरू होती. तेव्हाच मावशींची सून बाधित निघाली आणि त्यांच्या तांड्याच्या रस्त्यावर बांबू आडवे बांधले गेले. घरातल्या कुणी बाहेर पडायचं नाही, असं आरोग्य खात्याची माणसं बजावून गेली. मावशींनी मला फोन केला. मी मुख्याध्यापिकांना सांगितलं. त्या “बरं” म्हणाल्या. यापलीकडे काही झालं नाही. म्हणजे मला तरी तसंच वाटलं होतं. प्रत्यक्षात मधल्या काळात शाळेने दुसरी बाई ठेवून घेतली होती.

आज बांबू निघाले आणि मावशी चालत आल्या. फाटकावर त्यांचा ताप मोजला, तर म्हणाल्या, “आधी कपायाले पिस्तूल लावतेत, मंग म्हंतेत नारमल! घाबरूनच ताप यायचा बाप्पा.” पहारेकरी हसला. स्टाफरूममधल्या दोघीजणी मात्र उठून खिडकीकडे सरकल्या. मावशींनी ते पाहिलं. “सरका बाई, सरका. मले बी जरा जागा होते,” म्हणाल्या आणि झाडू शोधायला लागल्या. तेवढ्यात मावशींना आणि मला मुख्याध्यापिकांच्या खोलीत बोलावणं आलं.

आत इंग्रजीतच चाललं होतं.

“विलगीकरणात होती ती,” मुख्याध्यापिका हळूच म्हणाल्या. “तसं काढता येत नाही ना? सरकारच्या सूचना आहेत. उद्या कामगार कार्यालयात गेली तर?”

“आपण कुठे काढतोय? तिनेच सोडलं,” सचिव म्हणाले. “तसं लिहून दिलं की तक्रारच उरत नाही.”

त्या सूचना मीही वाचल्या होत्या. साथीत घरी थांबावं लागलं म्हणून कुणाला कामावरून कमी करू नये, असं त्यात होतं. मावशींनी कळवलं होतं, हेही त्या खोलीत दोघींना माहीत होतं. एक मुख्याध्यापिका, दुसरी मी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मीही पाहिलं नाही. मीही कंत्राटावरच आहे. वर्षाच्या शेवटी मलाही याच टेबलासमोर उभं राहावं लागतं.

सचिवांनी टाइप केलेला कागद माझ्याकडे सरकवला. “मिस, तुमचं तिच्याशी पटतं. तिला सांगा, परत कामावर यायचं तर हे द्यावं लागतं. सही घ्या.”

“काय म्हंतेत पोरी सायेब?” मावशींनी मला विचारलं. बाकी सगळ्या त्यांच्यासाठी मॅडम, मी अजून पोरगीच. केजीत असताना माझी वेणी सुटली की त्याच घालून द्यायच्या.

“सही,” मी म्हणाले. एवढंच. त्याच्या पुढचं वाक्यही माझ्या मनात तयार होतं, अगदी नीट, पुस्तकी मराठीत: मावशी, ही फक्त एक औपचारिकता आहे. मला सगळ्यात जास्त लाज त्या वाक्याची वाटते. ते कुणी शिकवलं नव्हतं, कुणी बळजबरी केली नव्हती. सांगितल्याबरोबर माझ्या आत ते आपोआप जुळून आलं होतं.

“हा, सही येते मले. अंगठा नाही लावत मी,” मावशी म्हणाल्या. हातांना सॅनिटायझर लावलं, ते वाळेपर्यंत फुंकर घातली, आणि माझ्याच खिशातला पेन मागितला. मी दिला. “उद्यापासून येतो ना मंग मी? कुंड्या पार सुकल्या. कोनं पानी नाही टाकलं काय?”

मुख्याध्यापिका फाइल उघडून बसल्या. सचिव भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. मावशी वाकल्या, कागदावर सहीची जागा कुठे ते बोटाने शोधायला लागल्या, आणि दाखव म्हणून माझ्याकडे पाहिलं.

मी जागा दाखवली नाही. कागदावर पूर्ण हात ठेवला. मग घरी आईशी बोलते तशी, सचिवांनाही कळेल अशी, मी मोठ्याने बोलले.

“सही नोका करू मावशी. याच्यात लिवलं हाय का तुमी सोताहून काम सोडलं. तुमी सोडलं नाही. तुमी मले फोन केलता, अन् मी मॅडमले सांगतलं होतं.”