वास येत नाही, म्हणजे नाही!

माझ्या गाडीला पेट्रोलचा वास येत नव्हता. असं म्हणणारा आमच्या घरात मी एकटाच होतो, ही गोष्ट वेगळी.

गाडी जुनी. धाराशिवातल्याच एका निवृत्त साहेबांकडून घेतलेली. "जरा नवी बघू या की," असं सुनंदा, म्हणजे आमची सौभाग्यवती, घसा कोरडा होईपर्यंत सांगत होती. पण मी पडलो हायस्कूलात विज्ञान शिकवणारा! बॉनेट उघडून दोनदा आत डोकावलो, एका वायरीला उगाच बोट लावून बघितलं आणि 'इंजिन एकदम खणखणीत' असा निकाल देऊन मोकळा झालो. त्या दिवसापासून गाडीची अब्रू ती माझी अब्रू झाली.

गाडी घेतली होती आईसाठी. वडील गेल्यावर ती आमच्याकडे राहायला आली. गाव आमचं अणदूरजवळ. चंपाषष्ठीला गावच्या खंडोबाच्या देवळात जाऊन तळी भरायची, हा तिचा लग्नापासूनचा नेम. गुडघे गेले, एसटीची पायरी चढवेना, आणि लागोपाठ तीन वर्षं तो नेम चुकला. ती कधी कुरकुरली नाही. षष्ठीच्या दिवशी फक्त देव्हाऱ्यापुढं जरा जास्त वेळ बसून राहायची. ते मला बघवत नसे. यंदा मी जाहीर केलं, "आई, ह्या वर्षी आपल्या दारात गाडीत बसायचं आणि देवळाच्या दारात उतरायचं!" तिनं त्याच दुपारी भंडाऱ्यासाठी हळकुंडं उन्हात टाकली.

तुळशीचं लग्न झालं आणि थंडी पडली. एका सकाळी आईला गुडघ्याच्या डॉक्टरांकडे घेऊन निघालो.

"अहो, पेट्रोलचा वास येतोय," सुनंदा म्हणाली.

"पेट्रोलच्या गाडीला पेट्रोलचाच येणार. गुलाबाचा कुठनं येईल?"

"पण एवढा?"

मागच्या सीटवरून आई म्हणाली, "आरं दत्ता, गारठ्यानं रबर आखडलं आसल. आपल्या फवारणीच्या पंपाचा पाइप न्हवता का सकाळचा गळायचा? ऊन पडलं की आपसूक बंद."

"आई, ही गाडी आहे. फवारणीचा पंप नाही!"

आईनं काच खाली केली, पदर नाकाला लावला आणि दवाखाना येईपर्यंत रस्त्यावरची थंडी खात बसली.

शाळा सुटल्यावर मी गाडी गफूरभाईंच्या गॅरेजात नेली. दिवसभर उन्हात उभी राहून गाडी चांगली तापलेली. गफूरभाईंनी बॉनेट उघडलं, वाकून नाक आत घातलं, मग नाक काढून माझ्याकडं बघितलं.

"मास्तर, बू किधर है? मला तर तुमच्या डब्यातल्या मेथीचा वास येतोय."

असं तीनदा झालं. सकाळी वास, दुपारी गायब! तिसऱ्यांदा गफूरभाई म्हणाले, "एक काम करा. संध्याकाळी गाडी इथं सोडा. सकाळी थंडी असताना बघतो." पण माझी गाडी गॅरेजात मुक्कामाला? गल्लीत बातमी व्हायला किती वेळ? आणि सुनंदापुढं कुठल्या तोंडानं उभं राहायचं? (खणखणीत इंजिन!) मी घरी येऊन सांगितलं, "गफूरभाई म्हणाले, वास येतच नाही." खोटं त्यात एक अक्षर नव्हतं.

आता वास घालवणं माझ्या अंगावर आलं. आधी लिंबं कापून ठेवली. मग इस्त्रीवाल्याकडून कोळसे आणून पुडीत बांधून ठेवले. शेवटी शाळेतल्या चित्रकलेच्या सरांनी रामबाण उपाय सांगितला, "कांदा कापून ठेवा. कांदा सगळे वास ओढून घेतो."

इथं एक अडचण होती. खंडोबाच्या घरची माणसं आषाढापासून कांदा आणि वांगं सोडतात, ते थेट चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाल्यावरच खातात. आई ह्या बाबतीत इतकी कडक की समोरच्या घरात कांदा परतला तरी ती आपली खिडकी लावून घ्यायची. म्हणून मी चोरून दोन मोठे कांदे चिरले आणि कुणाच्या नजरेला पडू नयेत अशा जागी सारले. म्हणजे आईच्याच सीटखाली.

"वास गेला!" मी जाहीर केलं.

रविवारी गाडी चालवून बघावी म्हणून आम्ही तिघं तुळजापूरच्या वाटेला लागलो. निम्म्या रस्त्यात आई म्हणाली, "जरा थांबीव." ती उतरली आणि बाभळीखाली डोळे मिटून बसली. चेहरा पांढराफटक.

"काय होतंय आई?"

"काय न्हाय. गुडघा दुखतोय."

"गुडघा दुखतोय तर आत्यांनी नाक का धरलंय?" सुनंदानं विचारलं. (सासूला आमच्याकडं आत्या म्हणतात.)

मी ऐकू आलं नाही असं दाखवलं. आई माझ्या तोंडाकडं बघून ते गुडघ्यावर ढकलतेय, हे मला कळत होतं. कळूनही मी गाडी सुरू केली.

चंपाषष्ठी उजाडली. थंडी अशी की नळाखाली हात धरवेना. सुनंदानं भरीत, बाजरीचे रोडगे, पातीचा कांदा असा नैवेद्य डब्यात भरला. मी अंगणात गाडी सुरू करून दोन मिनिटं तापत ठेवली, आणि वासाचा असा भपकारा आला की मलासुद्धा नाही म्हणता येईना! घाईनं गाडी बंद केली. खाली बघतो तर पुढच्या चाकाजवळ टप्, टप्. फरशीवर हाताएवढा ओला डाग. घरातून पावलं ऐकू आली. विज्ञानाच्या शिक्षकानं अशा वेळी जे करायला नको, तेच मी केलं. त्या डागावर जाऊन उभा राहिलो!

आई बाहेर आली. हातात पेटलेली दिवटी!

आमच्या घरची रीत अशी, की षष्ठीला निघताना गाडीला दिवटीनं ओवाळायचं. बैलगाडी होती तेव्हापासूनची रीत. निरांजन चालत नाही. तेलात भिजवलेली, मशालीसारखी धडधडून पेटणारी देवाची दिवटीच लागते. आई एकेक पाऊल टाकत गाडीच्या तोंडाकडं निघाली.

"आई, ओवाळू या की गावात गेल्यावर!"

"निगतानाच वोवाळायचं आसतं."

"मग तिथनंच ओवाळ!"

"का रं? वास तर गेला म्हनलास."

आणखी एक पाऊल. माझे पाय डागाला चिकटलेले. बाजूला झालो तर डाग दिसणार, नाही झालो तर आपण सगळेच वर जाणार! शेजारचे काका ब्रश तोंडात धरून कुंपणाशी येऊन उभे राहिले.

"अहो, बोला की!" सुनंदा ओरडली.

"थांब आई!" माझा आवाज एवढा चिरकला की काकांच्या तोंडातला ब्रश खाली पडला. "वास येतोय! पहिल्या दिवसापासनं येतोय! खाली पेट्रोल गळतंय आणि मी त्याच्यावरच उभा आहे!"

आई तुळशीपाशी थांबली होती. गाडी तिच्यापासून चांगली पंधरा पावलं लांब. मला भीतीनं ती बॉनेटला टेकल्यासारखी दिसत होती.

"व्हय का?" ती शांतपणे म्हणाली. "मी तुळशीच्या म्होरं येनारच न्हवते. पेट्रोलापशी दिवटी न्यायला म्या काय येडी हाय? पर तुज्या तोंडनं ऐकायचं हुतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन आठवडे ही बाई तो वास गिळत होती, कशासाठी, तर पोराचं तोंड पडू नये म्हणून. आणि मी माझं खणखणीत इंजिन जपत बसलो होतो. तिच्या पाया पडावंसं वाटलं, पण बुटांना पेट्रोल लागलेलं आणि तिच्या हातात दिवटी. पडलो नाही.

सुनंदानं फोन करताच गफूरभाई मफलर गुंडाळून हजर झाले. थंडगार इंजिनावर टॉर्च मारला आणि म्हणाले, "ये देखो मास्तर! थंडीनं रबरी पाइप आखडलाय, म्हणून क्लिपपाशी ठिपकतंय. गाडी तापली की पाइप फुगतो, गळती बंद. दुपारी मला काय दिसणार?"

मी आईकडं बघितलं. आई तुळशीकडं बघत होती. थंडीनं पदार्थ आकुंचन पावतात, हा धडा मी सातवीला दरवर्षी शिकवतो. आकृतीसकट!

नवा पाइप, नवी क्लिप. इंजिन पुसलं, फरशी धुतली, दारं उघडी टाकून गाडीला वारं दिलं. मी बूट बदलले. आईनं तुळशीपासूनच गाडीला ओवाळलं, दिवटी देव्हाऱ्यापाशी नेऊन शांत केली आणि आम्ही निघालो. उशीर झाला, पण गावच्या देवळात आईनं स्वतःच्या हातानं तळी भरली. पाच जणांनी ताम्हण उचलून 'येळकोट येळकोट जय मल्हार' म्हटलं, भंडारा उधळला, आणि आईनं तीन वर्षांचं हसू एकदम हसून घेतलं.

परत येताना सगळे पोटभर जेवून सुस्तावलेले. तुळजापूर मागं पडलं तशी आई म्हणाली, "दत्ता, कसला तरी वास येतोय रं."

सुनंदानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी हुंगलं. पेट्रोल नव्हतं. आणि एकदम आठवलं! आषाढापासून कांद्याला न शिवलेल्या बाईच्या बुडाखाली मी दोन आठवडे दोन कांदे कुजत ठेवले होते.

"येतोय, आई," मी लगेच कबूल करून टाकलं. "कांद्याचा आहे. तुझ्या सीटखाली. मीच ठेवलाय."

मागून खुदकन हसण्याचा आवाज आला.

"आसू दे. आजपासनं कांदा चालतोय. घरी गेल्यावर ह्योच तुज्या भरतात घालते."

"घाला की आत्या," सुनंदा म्हणाली. "ह्यांना तसाही वास येत नाही!"