मुलीकडून मी एकटी

मैत्रिणीच्या होणाऱ्या सासरी मी थडग्यावरची फुलं घेऊन गेले होते, असं आमच्या ओळखीपाळखीत अजून सांगितलं जातं. सांगोत बापडे. त्या फुलांवर माझं कॉलेज झालंय, आणि त्या रविवारबद्दल मला आजही काडीचा पश्चात्ताप नाही.

दोन हजार सालाच्या पुढची ती वर्षं. नाशिकमधल्या सातपूरच्या ज्या कारखान्यात मी इंजिनियर होते, त्यांनी नवीन मशीन शिकायला मला दीडेक महिना जर्मनीला पाठवलं होतं. कॉलेजातली माझी जिवाभावाची मैत्रीण तेव्हा शेजारी बेल्जियममध्ये नोकरी करत होती. तिथल्याच एका मुलाशी तिने लग्न ठरवलं होतं. गंगापूर रोडला तिच्या घरी हे कळलं तेव्हा तिचे वडील फोनवर एवढंच म्हणाले, "आमच्यापुरती तू मेलीस." आणि फोन ठेवला. आईच्या हाती त्यांनी रिसीव्हर दिलाच नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी मुलाच्या आईने तिला रविवारी जेवायला बोलावलं. तुझ्या घरचं कुणी असेल तर घेऊन ये, असा निरोप होता. घरचं माणूस आणायचं कुठून? तिने मला फोन केला. "शनिवार-रविवार ये ना गं. माझ्याकडून कुणीतरी हवं."

निघायच्या आधी मी मखमलाबादला आमच्या मळ्यात फोन लावला. आई म्हणाली, "तिला सांग, तुझं माहेर हाय इथं. तुझ्या बापाला नाय दिसत तर नाय."

शनिवारी स्टेशनावर ती आणि तो दोघं घ्यायला आले होते. मी नमस्काराला हात जोडले, त्याने गाल पुढे केला. एकाच गालावर थांबत नाहीत हे मला माहीत नव्हतं, त्यामुळे दुसऱ्या वेळी आमची नाकं आपटली. तो मनापासून हसला. मला तो तिथेच आवडला.

ती मात्र हसली नाही. घरी पोचल्यापासून तिने माझी शिकवणी सुरू केली. उद्या सांगितलेल्या वेळेच्या आधी जायचं नाही आणि नंतरही नाही. वाढताना एकदाच विचारतात, नको म्हटलंस तर नकोच समजतात, तेव्हा आपल्यासारखं नको-नको करत बसू नकोस. घर केवढ्याला घेतलं ते विचारू नकोस. जेवण झाल्यावर ताटल्या उचलायला धावू नकोस. मी ऐकत होते आणि आतून तापत होते. मुलगी बघायला आलेल्यांपुढे पोह्यांची बशी घेऊन उभं राहायचं नाही, असं आम्ही दोघींनी कॉलेजच्या पायऱ्यांवर ठरवलं होतं. तिने ते पाळलंही होतं, नाशिकमध्ये. आणि इथे परक्या देशात येऊन ही बाई मनातल्या मनात पोहेच करत होती.

"मी काहीतरी घेऊन येते उद्यासाठी," म्हणून मी बाहेर पडले. रिकाम्या हाताने थोडंच जायचं?

रस्त्यावर पाऊल टाकलं आणि मी जागीच थांबले. प्रत्येक दुकानाच्या दारात शेवंती. पिवळी, पांढरी, तांबूस, कुंड्या भरभरून. आमच्याकडे दसरा-दिवाळीला मळ्यात असते तशीच. लहानपणी पहाटे अंगठे बधिर होईपर्यंत खुडलेली, पाट्या भरून पंचवटीच्या फूलबाजारात नेलेली. इतक्या लांब माझ्या घरचं कुणीतरी आधीच येऊन उभं होतं. पिवळ्या फुलांची सगळ्यात मोठी कुंडी मी कवेत घेतली आणि मिरवत घरी आणली.

दार उघडलं आणि मैत्रिणीचा चेहरा पडला. "हे काय आणलंस?"

"शेवंती. आपली."

"ही थडग्यावर नेतात इथे. पुढच्या आठवड्यात ह्यांचा सर्वपित्रीसारखा दिवस असतो, म्हणून दुकानात आलीय. जिवंत माणसाच्या घरी कुणी नेत नाही." एवढं बोलून ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि रडायला लागली. "बाबा म्हणाले मेलीस. आणि तू फुलंसुद्धा घेऊन आलीस."

मला आधी हसू फुटलं होतं, ते जिरलं. मग राग आला. तिच्या बाबांचा आला, त्या दुकानांचा आला आणि सगळ्यात जास्त तिचा आला. गणपतीच्या मिरवणुकीत पोरांच्या पथकाकडून ताशा हिसकावून घेणारी ही मुलगी, एका कुंडीला घाबरून पायरीवर बसली होती.

"हे बघ," मी म्हटलं, "देवाला शेवंती, नवरीला शेवंती, नव्या ट्रॅक्टरला शेवंती. आम्ही मेलेल्यालाही घालतो, म्हणून काही ती मेलेल्याची होत नाही. आणि बाबा बोलले म्हणून तू मेलीस का? ऊठ. दोरा काढ."

"कशाला?"

"वेणी करते. उद्या माळून जायचं."

"त्याची आई काय म्हणेल?"

"विचारेल. विचारलं की सांगू."

पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून मी जमिनीवर बसले आणि फुलं खुडून बांधत गेले. ती बघत होती. मग तीच फुलं माझ्या हातात द्यायला लागली.

रविवारी निघताना ती आरशासमोर बराच वेळ उभी राहिली. आता ही वेणी काढणार, असं मी धरूनच चालले होते. तिने आणखी एक पिन खोचली आणि म्हणाली, "चल."

त्याच्या आईने दार उघडलं. उंच बाई, कमरेला एप्रन. तिची नजर थेट केसांवर गेली. आपल्याकडे असं काही खटकलं असतं तर बाई गोड हसली असती आणि महिन्याभराने कुठल्यातरी मामीच्या तोंडून ते आपल्या कानावर आलं असतं. हिने दारातच विचारलं. मुलगा माझ्यासाठी इंग्रजीत सांगत होता. "ही फुलं आम्ही थडग्यावर ठेवतो."

"आमच्याकडे लग्नात माळतात," मैत्रीण म्हणाली. तिने मान खाली घातली नाही.

बाईने दार पूर्ण उघडलं. "बरं. आत या, सूप गार होतंय."

जेवता जेवता दुसरा प्रश्न आला, तोही सरळ. "तुझे आईवडील का आले नाहीत?" मी थाप तयार ठेवली होती. काकांचे गुडघे, व्हिसाची कटकट. आपल्याकडे अशी थाप सांगणाराही ओळखून असतो आणि ऐकणाराही, आणि वेळ निभावून जाते. मी तोंड उघडलं, पण मैत्रिणीने माझा हात दाबला आणि त्यांच्याच भाषेत बोलली. मुलाने हळूच मला सांगितलं. ती म्हणाली होती, "वडिलांनी सांगितलंय, मी मेले. आईला कुणी विचारलंच नाही."

बाईने चमचा खाली ठेवला. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मग विचार ना तिला. तू तिथेच राहतेस."

नाशिकला परतले, बॅग घरी टाकली आणि तशीच गंगापूर रोडला गेले. काका झोपाळ्यावर पेपर वाचत होते. मला बघताच म्हणाले, "त्या विषयावर या घरात बोलायचं नाही."

"तुमच्याशी बोलायला आलेच नाहीये, काका."

एवढं उद्धट मी आयुष्यात कुणा वडीलधाऱ्याशी बोलले नव्हते. पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन. काकू स्वयंपाकघराच्या दारात आल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघून म्हटलं, "काकू, तिचं लग्न एप्रिलात आहे. मी जाणारे. तुम्हाला यायचंय का?"

झोपाळा थांबला. काकू पदराला हात पुसत राहिल्या. मला वाटलं, आता रडतील आणि आत जातील.

"पासपोर्टला काय काय लागतं गं?" त्यांनी विचारलं.

मी आवाज खाली आणला. "उद्या येऊन सगळं सांगते. दुपारी येऊ का, काका बाहेर असतील तेव्हा?"

"नको," काकू मोठ्याने म्हणाल्या. "संध्याकाळी ये. हे घरी असताना."